ऑपरेशनला योजना आहे, रोजच्या गोळीला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यावरच्या खर्चाचा विषय निघाला की चर्चा बायपास, कॅन्सर नाही तर आयसीयूच्या बिलापाशी जाऊन थांबते. योजनाही त्याच बिलासाठी काढल्या जातात. कळवा, दिवा, ऐरोली, कोपरखैरणे, तुर्भे या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या आणि कागदपत्रे हाताळणे हे आम्हा दोघांचे रोजचे काम. आमच्यापैकी एक निवृत्त औषधनिर्माता, दुसरा वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक. आमचे म्हणणे एवढेच की घर खंगते ते बहुतेक वेळा अ‍ॅडमिट न होता, मेडिकलच्या काउंटरवर. कामगार विमा सोडला तर तिथे आज कोणतीच योजना पोचत नाही.

एक साधा हिशेब मांडू. घराचा महिन्याचा एकूण खर्च २८,००० रुपये धरा. घरात सासूबाईंना साखर आणि रक्तदाब, दिवसाला पाच गोळ्या. गोळी सरासरी सात रुपयांना पडली तर महिन्याला १,०५० रुपये. सासऱ्यांना दमा: एक इनहेलर ४५० रुपयांचा आणि दिवसाला १५ रुपयांच्या गोळ्या, म्हणजे ९०० रुपये. दोघांची डॉक्टरची फी दर दोन महिन्यांनी प्रत्येकी ६००, म्हणजे महिन्याला ६००. तीन महिन्यांतून एकदा रक्त-लघवीच्या तपासण्या १,५०० रुपयांच्या, म्हणजे महिन्याला ५००. मुलांचा ताप-खोकला ४०० धरा. बेरीज ३,४५०. जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर गेला की त्याला घर मोडणारा खर्च मानत आल्या आहेत. या घरासाठी ती रेषा २,८०० रुपयांची आहे. वर्षाचे ४१,४०० रुपये गेले आणि घरातले कोणी एक रात्रही दवाखान्यात राहिले नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या कार्डातून यातला एक रुपयाही मिळत नाही. रिक्षाभाडे आणि खाड्यामुळे बुडालेला रोज यात धरलेला नाही.

देशाचे आकडे पाहिले तर चित्र सुधारल्यासारखे वाटते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार (केंद्र सरकारचा आरोग्यखर्चाचा हिशेब) एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे, पण २०२१-२२ हे करोनाचे वर्ष होते आणि लसीकरणामुळे सरकारी खर्च फुगलेला होता, हे विसरू नये. शिवाय वाटा घटला म्हणजे रुपये घटले असे नव्हे. एकूण खर्च वाढत गेला की लहान झालेला वाटाही घराला पूर्वीइतकाच जड जातो. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१० च्या अहवालात म्हटले आहे की हा वाटा १५ ते २० टक्क्यांवर आला तरच आजारपणामुळे कंगाल होणारी घरे नगण्य राहतात. आपण त्याच्या दुप्पट जागी आहोत. सरकारने आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के खर्च २०२५ पर्यंत करायचा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले होते. २०२१-२२ चा आकडा होता १.८४ टक्के.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. नायजेरिया आणि बांगलादेशात अजूनही आरोग्यखर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग लोक स्वतः भरतात. थायलंडने मात्र २००२ मध्ये देशभर योजना लागू केली तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयाची ओपीडी पहिल्यापासून आत घेतली. एका भेटीला ३० बाट, त्यात तपासणीही आणि औषधही. डायलिसिस त्यांनी नंतर, २००८ मध्ये आत घेतले. आज तिथे खिशातून जाणारा वाटा १० टक्क्यांच्या आसपास आहे. आपण उलट टोकाकडून सुरुवात केली, आधी ऑपरेशन आणि गोळी नंतर कधीतरी. मत देणाऱ्याला ऑपरेशनचा फलक दिसतो, भरलेली औषधाची फळी दिसत नाही, हे त्यामागचे खरे कारण असावे.

आणि आकड्यांत न येणारा एक मोठा भाग आहे तो दुखणे अंगावर काढणाऱ्यांचा. जो खर्चच करत नाही त्याची नोंद खर्चाच्या पाहणीत होत नाही. महिनाअखेरीला साखरेची गोळी एक दिवसाआड घेणे, रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबवणे, इनहेलर फक्त धाप लागली की ओढणे, हे प्रकार चिठ्ठीवरच्या तारखा पाहिल्या की लगेच कळतात. तीस दिवसांच्या गोळ्या पंचेचाळीस दिवसांनी घ्यायला येणारा माणूस पैसे वाचवत असतो. त्याचे मूत्रपिंड काही वर्षांनी हिशेब चुकता करते. मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते आणि ते योजनेतून मोफत होते. तेव्हाचा खर्च सरकार आनंदाने उचलते, आधीचा उचलत नाही.

औषधांचे गणित नीट समजून घेण्यासारखे आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीत (२०२२ ची यादी, ३८४ औषधे) जे औषध ज्या ताकदीत आहे, त्याची कमाल किंमत सरकार ठरवते. यादीबाहेरच्या औषधाची छापील किंमत कंपनी ठरवते आणि वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. आता चिठ्ठी पाहा. अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम ही सुटी औषधे यादीत आहेत. पण रुग्णाच्या हातात पडते ती दोन-तीन औषधे एकत्र केलेली गोळी, आणि अशा संयुक्त गोळ्यांपैकी बहुतेक यादीत नाहीत. एक गोळी घेणे सोपे जाते हे मान्य. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. ज्याला परवडत नाही त्याने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: ‘हीच औषधे सुटी सुटी लिहून द्याल का?’ बहुतेक डॉक्टर देतात. विचारत कोणी नाही.

दुसरी अडचण कायद्याची आहे. शेड्यूल एच मधल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाचे ब्रँडनाव चिठ्ठीवर असेल तर मेडिकलवाल्याला त्याच्याऐवजी दुसरे औषध स्वतःच्या मनाने देता येत नाही, त्यातला घटक तोच असला तरीही. म्हणून ‘जेनेरिक द्या’ हे काउंटरवर सांगून उपयोग नाही. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, ताकद आणि दिवसांची संख्या मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी. त्या चिठ्ठीवर सरकारच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, म्हणजे जनऔषधी केंद्रातून, औषध घेता येते. किमती ५० ते ८० टक्क्यांनी कमी, असे सरकार सांगते आणि साखर-रक्तदाबाच्या नेहमीच्या औषधांपुरते ते आमच्या पाहण्यातही खरे आहे.

तिथेही अडते ते साठ्यावर. पाचपैकी तीन गोळ्या मिळतात, उरलेल्या दोन घ्यायला नेहमीच्या मेडिकलमध्ये जावे तर ‘घ्यायचं तर सगळं इथनं घ्या’ असे ऐकावे लागते. त्यामुळे निघण्याआधी ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपवर औषध आणि जवळचे केंद्र पाहून केंद्राला फोन करावा. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी जावे, शेवटच्या दिवशी नव्हे. मेटफॉर्मिनच्या पाकिटावर ‘एसआर’ लिहिले असेल तर साधी गोळी त्याऐवजी घेऊ नये आणि ती मोडून तर अजिबात खाऊ नये, औषध हळूहळू सुटण्यासाठी ती तशी बनवलेली असते. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करण्याची औषधे यांचा ब्रँड एकदा बसला की डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये, बदललाच तर तपासणी पुन्हा करावी लागते. हे अपवाद सोडले तर स्वस्त औषधाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मेडिकलमधल्या २० टक्के सवलतीवर फार भाळू नये. काही कंपन्या ‘ट्रेड जेनेरिक’ म्हणून थेट दुकानदारांना विकायचा माल काढतात. दुकानदाराला स्ट्रिप समजा १५ रुपयांना पडते आणि छापील किंमत ९० असते. सवलत देऊन ७२ रुपयांना विकली तरी ५७ रुपये दुकानात राहतात, आणि गिऱ्हाईक १८ रुपये वाचले म्हणून खूश. किंमत-नियंत्रणातल्या औषधावर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो, त्यामुळे कोणते औषध पुढे सरकवायचे याचा निर्णय काउंटरवर आपोआप होतो. मोठ्या रुग्णालयांच्या आतल्या मेडिकलमध्ये हेच प्रकरण आणखी मोठे असते. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला होता. सिरिंज, कॅथेटर, हातमोजे यांतला हा नफा असतो. ऑपरेशनच्या फीवर घासाघीस करणारे नातेवाईक बिलाच्या या पानांकडे बघतच नाहीत.

आता अ‍ॅडमिट होण्याचा भाग. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) बाळंतपणे वगळता दवाखान्यात एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये होता. त्यानंतर महागाई कुठे गेली ते वाचक जाणतातच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत लागू आहे. कार्ड साताऱ्याचे, बीडचे असले आणि राहणे घणसोलीत असले तरी चालते, पत्ता बदलून आणण्याची गरज नाही. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्याने लोक गावी फोन करत बसतात. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. रेशनकार्डावर ‘बबन’ आणि आधारवर ‘बाबासाहेब’ असले की पडताळणी अडकते, ही दुरुस्ती घरात सगळे धडधाकट असतानाच करून ठेवावी. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे सगळ्या आजारांसाठी आहे असे नव्हे: मुतखड्यासाठी असेल, हृदयासाठी नसेल. म्हणून ‘योजना आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘या आजाराच्या या उपचारासाठी योजना आहे का?’ असे आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला, विचारावे. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तिथे खासगीवाले नाही म्हणाले तर ते खोटे बोलत नसतात.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे ‘आधी पैसे भरा, मग योजनेत बसवू’ यावर विश्वास ठेवणे. योजनेची मंजुरी, म्हणजे पूर्वमान्यता, उपचाराआधी घ्यायची असते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून सूचना देऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे, ती आरोग्यमित्राने वापरायची असते. ऑपरेशन झाल्यावर अर्ज गेला तर सहसा काही होत नाही. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधे, इम्प्लांट, रुग्णाचे जेवण, घरी सुटल्यानंतर दहा दिवसांचा पाठपुरावा आणि एकवेळचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे परतीचे भाडेसुद्धा धरलेले आहे. यातले काही बाहेरून आणायला सांगितले तर पावती घ्यावी आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागावा. पावती नसेल तर तक्रार टिकत नाही.

दहा दिवस संपले की पुन्हा तेच. स्टेंट मोफत बसतो, त्यानंतर वर्षभर रोज घ्यायच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या विकत घ्याव्या लागतात, आणि त्या मधेच सोडल्या तर स्टेंट बंद पडण्याचा धोका असतो. योजनेच्या आखणीतली ही फट कोणाला दिसत नाही असे नाही.

सरकारी म्हटले की सगळे एक, हाही समज खर्चात पाडतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसकट सर्व सेवा मोफत झाल्या त्या राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय त्यात येते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचे आहे. वाशी, नेरूळ, ऐरोलीची रुग्णालये नवी मुंबई महापालिकेची आहेत. त्यांचे दर आणि नियम त्यांच्या त्यांच्या महापालिका ठरवतात. वागळे इस्टेट आणि वाशीची कामगार विमा (ईएसआय) रुग्णालये आणखी वेगळी. खारघर-कामोठ्याचा माणूस तर नवी मुंबईत राहतो असे समजतो, पण त्याची महापालिका पनवेल, तहसील पनवेल आणि जिल्हा रायगड. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या माणसाला उत्पन्नाचा दाखला ठाण्याच्या तहसीलदाराचा लागतो. चुकीच्या कार्यालयात गेलेला एक दिवस म्हणजे रोजंदारीवाल्याचा एक दिवसाचा पगार.

कामगार विम्याबद्दल एकच गोष्ट. महापे, रबाळे, वागळे इस्टेटमध्ये पगार २१,००० च्या वर गेला की कामगार विम्यातून बाहेर पडतो. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून बदललेली नाही, पगार मात्र बदलले. पाचशे रुपयांची वाढ घेऊन घराचा ओपीडीसकटचा दवाखाना गमावणारी कुटुंबे या पट्ट्यात भरपूर आहेत. ओपीडी, औषध आणि आजारपणाचा भत्ता एकत्र देणारी कष्टकऱ्यांसाठीची ही एकमेव मोठी व्यवस्था आहे आणि तिच्याच दाराची उंची सरकारने नऊ-दहा वर्षे तशीच ठेवली आहे.

धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत हक्क कागदावर भक्कम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. यासाठी रुग्णालयाने इतर रुग्णांच्या बिलांतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीच्या खात्यात टाकायचे असतात. निर्धन रुग्णाची खाट, डॉक्टर, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या मोफत. औषधे आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीला धरून त्या निधीतून वळते करायचे. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून जीव वाचवण्यापुरते उपचार द्यायलाच हवेत.

प्रत्यक्षात उत्तर दोन प्रकारचे मिळते: ‘खाटा भरल्या’ किंवा ‘निधी संपला’. दोन्ही उत्तरे तपासता येतात. खाटांची स्थिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसते, तिथला त्या वेळचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. निधीची शिल्लक रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे लेखी मागावी. तोंडी नकार ऐकून परत फिरू नये, नकार कागदावर मागितला की निम्म्या वेळा खाट सापडते. उत्पन्नाचा दाखला मात्र आयत्या वेळी मिळत नाही, तलाठ्याच्या चौकशीसह त्याला दिवस लागतात. मुलांच्या शाळेसाठी एप्रिल-मेमध्ये दाखला काढतोच, तेव्हाच त्याच्या दोन प्रती आजारपणाच्या फाइलमध्ये ठेवाव्यात. त्याच फाइलमध्ये रेशनकार्ड, आधार, जुने डिस्चार्ज कार्ड आणि मागच्या सहा महिन्यांचे रिपोर्ट असावेत. रिपोर्ट सापडत नाही म्हणून त्याच तपासण्या पुन्हा करण्यात जाणारा पैसा सहज वाचणारा आहे.

ज्यांनी खासगी विमा घेतला आहे, त्यांनाही खिशात हात घालावा लागतो आणि त्याचे मुख्य कारण खोलीभाडे. पॉलिसी ५ लाखांची, खोलीची मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ५,०००. रुग्ण चार दिवस ८,००० च्या खोलीत राहिला. लोक समजतात फरक १२,००० भरावा लागेल. पण सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, व्हिजिट यांचे बिल १,२०,००० असेल तर विमा कंपनी त्याचेही पाच-अष्टमांश म्हणजे ७५,००० च देते. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही काट लागू नाही, पण हातमोजे-मास्क वगैरे न मिळणाऱ्या वस्तूंचे ६,००० धरा. रुग्णाच्या अंगावर पडले ६३,०००. वरच्या वर्गाची खोली घेतली की सर्जनच्या फीपासून सगळेच दर चढतात ते निराळे. तेव्हा भरती होताना टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) डेस्कवर पहिला प्रश्न ‘माझी खोलीची मर्यादा किती?’ हा असावा. डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवले जाते, त्याबद्दलही नियम आहे: विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि अंतिम तीन तासांत द्यायची. उशिरामुळे वाढलेले बिल विमा कंपनीने सोसायचे.

बिल मात्र सगळ्यांनीच तपासावे. सुश्रुषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि खाट, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन, मॉनिटर अशा पंधरा बाबींचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. आतल्याच मेडिकलमधून औषध घेण्याची सक्ती करता येत नाही. बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. भरती झाल्यापासून रोज संध्याकाळी चालू बिल मागावे. शेवटच्या दिवशी चाळीस पाने हातात पडली की कोणी वाचत नाही. ‘इतर’ किंवा ‘किरकोळ’ या शीर्षकाखालच्या रकमेचा तपशील मागावा. न वापरलेली, परत केलेली औषधे बिलातून वजा झाली का ते पाहावे. स्टेंट बसवला असेल तर त्याचे नाव, कंपनी, बॅच क्रमांक आणि किंमत बिलात वेगळी दाखवणे बंधनकारक आहे.

हे सगळे आम्ही लिहिले तरी प्रत्येक रुग्णाने अर्धा वकील व्हावे ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. महापालिकांनी करण्यासारखे काम अगदी ठरावीक आहे. रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा या जिल्ह्यांत २०१७-१८ पासून जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याची पद्धत साधी होती: मोजकीच तीन औषधे, ठरलेला क्रम आणि एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या. हेच ठाणे आणि नवी मुंबईच्या प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात का होऊ नये? आज पाच-सात दिवसांच्या गोळ्या देऊन परत बोलावले जाते. नाका कामगार आणि घरकाम करणारी बाई महिन्यात चार वेळा सकाळची कामे बुडवून येणार नाही. ती तिसऱ्या खेपेला मेडिकलमध्ये जाते किंवा कुठेच जात नाही. ओपीडी सकाळी उघडून दुपारी बंद होते तोवर कामावर गेलेला माणूस रबाळ्याहून परतलेलाही नसतो. राज्याच्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारी २ ते रात्री १० ही वेळ मुद्दाम ठेवली होती, ती वेळ प्रत्येक प्रभागात एका तरी केंद्राने पाळावी.

औषधे संपतात कारण निविदा उशिरा निघतात आणि मग स्थानिक खरेदीवर भागवले जाते. तमिळनाडूने १९९५ पासून स्वतंत्र महामंडळ, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे आणि प्रत्येक रुग्णालयाचे पासबुक अशी व्यवस्था चालवली आहे. पासबुकात वर्षाची रक्कम जमा, औषध उचलले की वजा, त्यामुळे कुठे काय संपत आले ते आधी दिसते. महापालिकेला एवढे मोठे महामंडळ नको. साखर, रक्तदाब, दमा, थायरॉइड आणि हृदयविकार यांची बारा औषधे निवडावीत, प्रत्येक केंद्रात तीन महिन्यांचा साठा ठेवावा, साठा एक महिन्यावर आला की नवी मागणी निघावी आणि रोजचा शिल्लक साठा संकेतस्थळावर टाकावा. मालमत्ता कराची थकबाकी ज्या महापालिकेला ऑनलाइन दाखवता येते, तिला गोळ्यांची शिल्लक दाखवणे जड जाऊ नये.

खासगी रुग्णालयांच्या दरफलकांची तपासणी वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने करायची असते. गेल्या वर्षात किती रुग्णालये तपासली, कितींकडे फलक नव्हता, तक्रार निवारण कक्षाकडे किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे दोन्ही महापालिकांनी जाहीर करावे. आणि आयुक्त पुढचा अर्थसंकल्प मांडतील तेव्हा नव्या रुग्णालयाच्या इमारतीच्या आकड्याशेजारी नागरी आरोग्य केंद्रांतल्या औषधखरेदीचा आकडा स्वतंत्र ओळीत छापावा, मागच्या वर्षी त्यातले किती खर्च झाले त्यासकट.

आपले,
एक निवृत्त औषधनिर्माता, कळवा
एक वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक, कोपरखैरणे